हौसाबाईच्या फोनात गाडी

"येत्या रविवारी वन्संच्या ओट्यावर बसून मी माझ्या फोनातून माझी गाडी वाजवणार," हौसाबाईने सोमवारी सकाळी जाहीर केलं आणि ग्रामपंचायतीचा शिक्का मारावा तशी चहाची बशी खाली ठेवली.

मुलगा जयकुमार पेपरामागे आणखी खोल गेला. सून समिधा डबा भरता भरता थांबली. गोडदेवातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर हौसाबाईने जाहीर केलेली गोष्ट टळत नसे. टळलीच, तर टाळणाऱ्याचं काही खरं नसे.

बाईच तशी होती. चाळीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळीची पाटी मांडून बसलेली. तिने "ताजा हाय" म्हटलं की बर्फातला हलवासुद्धा दचकून ताजा होत असे. शाळा तिने दुसरीतच सोडली, कारण तिच्या मते मास्तरला बोईट आणि रावस यांतला फरक कळत नव्हता, आणि ज्याला तेवढंही कळत नाही तो बाकी काय शिकवणार? पाटी-पुस्तक वाचायला तिला अजूनही वेळ लागे. माणूस वाचायला मात्र लागत नसे, असं तिचं स्वतःचं मत होतं.

घरच्या सगळ्या चाव्या तिच्या कमरेला. कपाटाची, देव्हाऱ्याच्या खणाची, पाण्याच्या टाकीची आणि जयकुमारला साखर निघाल्यापासून फ्रीजचीही. त्यांच्याकडे हे पहिल्यापासून असंच. पुरुष समुद्रावर, बाई बाजारात, आणि बाजार सांभाळते तिच्या कमरेला जुडगा. सासूने तो जुडगा सोडून हौसाबाईच्या हाती दिला, त्या दिवशी सासू एका दुपारीत म्हातारी झाली होती. ते हौसाबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, बाजारातली जागा सुटली, पाटी माळ्यावर गेली. उरला तो जुडगा. तेव्हा घरात येणारी प्रत्येक नवी चावी आपल्याच कमरेला लागली पाहिजे, याबाबत ती फार काटेकोर झाली होती.

आणि दोन आठवड्यांपूर्वी आली ती ही गाडी. बिनचावीची.

म्हणजे चावी होती, पण अर्धी. शोरूममधल्या टॅनियाने समजावून सांगितलं. टॅनिया उत्तनची, म्हणजे किनाऱ्यावरची, म्हणून हौसाबाईने तिचं ऐकून तरी घेतलं.

"आजी, ही एक चावी, चालवणाऱ्याची. दुसरी फोनात असते. तिला ॲप म्हणतात. घरी बसून गाडी उघडा, बंद करा, डिकी उघडा. गर्दीत गाडी सापडली नाही तर हॉर्न वाजवा. कोणाच्या फोनात टाकू?"

"विचारतेस काय? गाडी कोणाच्या नावावर हाय?" हौसाबाईने कनवटीचा फोन काढून टेबलावर ठेवला.

बटणांचा फोन. पाचाचं बटण झिजून गुळगुळीत झालेलं, पाठीला रबर लावलेलं. देवळाबाहेर एकट्या राहिलेल्या चपलेकडे बघावं तसं टॅनियाने त्याच्याकडे बघितलं.

"आजी, यात नाही येणार."

"का? चार्जिंग फुल हाय."

"अशा फोनसाठी कंपनीने ॲप बनवलेलंच नाही."

जयकुमारने आपला फोन पुढे केला. तो अँड्रॉईड, पण कारखान्यात पडून-झडून म्हातारा झालेला. टॅनियाने त्यात बोट फिरवलं. "काका, तुमचं अँड्रॉईड आठ आहे. ह्याला दहाच्या पुढचं लागतं."

"आठ म्हणजे नापास?" हौसाबाईने विचारलं.

"तसंच समजा, आजी."

राहिली समिधा. तिच्याकडे ऑफिसने दिलेला आयफोन. त्यात ते ॲप दोन मिनिटांत गेलं, आणि गाडीतला पडदा उजळून त्यावर अक्षरं आली. हौसाबाईने ती एकेक करून लावली. नमस्कार, समिधा.

हार तिने घातला होता. नारळ तिने फोडला होता. चाकाखाली लिंबू तिने ठेवलं होतं. आणि गाडीने नमस्कार केला सुनेला.

एवढंही तिने गिळलं असतं, पण उत्तनजवळच्या चौक गावात गोदूबाई होती. गोदूबाई म्हणजे हौसाबाईची थोरली नणंद. तिच्याकडे गाडी वर्षभर आधीच आलेली. गौरींना हौसाबाई गेली, तर ही ओट्यावर पाय पसरून बसलेली, हातात फोन, त्यावर बोट टेकवते आणि अंगणातली गाडी वाजते. वर म्हणते, "हौसे, मना आता कोणाची गरज न्हाय. सगळा बोटावर हाय." असं म्हणून तिने हौसाबाईकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने गिऱ्हाईक संध्याकाळी उरलेल्या मांदेलीकडे पाहतं.

त्या गोदूबाईच्या नातवाचा रविवारी साखरपुडा होता. माहेरकडची मानाची मासळी घेऊन हौसाबाई जाणार होती. नव्या गाडीतून जाणार होती. पुढचं तिने सोमवारी जाहीर केलंच आहे.

मंगळवारी ती रिक्षाने पूनम सागरला निघाली. तिथे हितेशचं मोबाईलचं दुकान. समिधा म्हणाली, "आई, मी येते ना बरोबर. कुठला फोन चालेल, कुठला नाही, ते बघून घ्यावं लागतं."

"चाळीस वर्षं बघूनच घेतलाय," हौसाबाई म्हणाली. "फोन काय टोपलीतून उडी मारणार हाय?"

हितेशने तिला स्टूल दिलं. "बोलो मासी, कौनसा दिखाऊं?"

"गाडीवाला. जिसके अंदर गाडी आती है."

हितेशने गाडी कोणती ते विचारून घेतलं आणि काचेवर तीन फोन मांडले. हौसाबाईने पदर खोचला. एकेक फोन उचलून तिने हातावर तोलला. पाठीवर अंगठा दाबून अंग घट्ट आहे का पाहिलं. कॅमेऱ्याचे डोळे पाणीदार आहेत की गढूळ, ते उजेडात धरून पाहिलं. एकाच्या चार्जिंगच्या भोकाला तिने नाक लावलं, तेव्हा हितेशने सभ्यपणे रस्त्याकडे तोंड फिरवलं.

तिन्ही तिला पसंत पडेनात. हलके, बारके, डोळे मिचमिचे. मग तिची नजर मागच्या कपाटात गेली. तिथे एक काळाभोर, चकचकीत धूड उभं होतं. पाठीवर चार डोळे. रुंदी पोळपाटाची.

"वो दिखा."

"वो आपके काम का नहीं है, मासी."

हौसाबाई स्टुलावर ताठ झाली. हे वाक्य तिचं होतं. सकाळी बंदरावरून आणलेल्यातलं सगळ्यांत देखणं पापलेट ओल्या फडक्याखाली झाकायचं, नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचं, आणि एखाद्या अनोळखी बाईने फडक्याकडे बोट केलं की तोंड वाकडं करून म्हणायचं, "तो तुमच्या कामाचा न्हाय, ताई." उभ्या जन्मात तिने हे किती बायकांना सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती.

"क्यूं नहीं काम का?" तिने गोड आवाजात विचारलं.

"उसमें आपकी गाडी की ॲप नहीं आयेगी. वो कंपनी का स्टोअर ही अलग है. उसमें ये सब मिलता ही नहीं."

"अच्छा. फिर किसके वास्ते रखा है?"

"किसीके वास्ते नहीं, मासी. एक जन लेके गया था, वापस देके गया."

हौसाबाई मनातल्या मनात हसली. पोरगा तयारीचा होता. पण तो कोणापुढे बसलाय हे त्याला कळत नव्हतं. तो जितकं नको म्हणाला तितकी तिची खात्री पटत गेली. त्याने हात जोडले तेव्हा तर तिला शंकाच उरली नाही. एवढा जीव कोणी वाईट मालासाठी पाखडत नाही.

"यहीच देने का," ती म्हणाली.

"मासी, बाद में मत बोलना, हितेशने बताया नहीं."

"नहीं बोलूंगी." पिशवी काखेला मारून ती उठली आणि दारातून वळून त्याला एक धंद्याची गोष्ट सांगून गेली. "ऊपर कपडा डालके रखने का. ऐसा खुल्ला रखेगा तो सबको दिखेगा ना."

घरी जयकुमारने तासभर त्या फोनात शोधलं.

"आये, ह्याच्यात ते ॲप न्हाय."

"नीट बघ. खाली असेल. चांगला माल खालीच असतो."

जयकुमार खालपर्यंत जाऊन आला. मग त्याने आईला समजेल अशा भाषेत सांगायचं ठरवलं. "आये, असं समज. समिधाचा फोन म्हणजे भाईंदरचा बाजार. माझा म्हणजे उत्तनचा. ह्या फोनाचा बाजारच तिसरा हाय. ती गाडीवाली बाई पहिल्या दोन बाजारांत बसते. ह्या तिसऱ्या बाजारात ती येतच न्हाय."

"मग तिला सांग यायला."

"मी कसा सांगू?"

"टॅनियाला फोन लाव."

टॅनियाने सगळं ऐकून घेतलं. "आजी, त्या फोनसाठी कंपनीने ॲप काढलेलं नाही."

"मग काढायला सांग. रविवारपर्यंत."

"रविवारपर्यंत नाही होणार, आजी."

"आज मंगळवार हाय. पाच दिवसांत अख्खा मांडव उभा राहतो, लगीन लागतो. तुमच्याने एक ॲप निघत न्हाय?"

टॅनिया म्हणाली, ती वर कळवेल. वर म्हणजे किती वर ते तिने सांगितलं नाही.

"फोन परत करून येऊ या का?" समिधाने हळूच विचारलं.

"मी विकलेला मासा कधी परत घेतला न्हाय," हौसाबाई म्हणाली. "आता परत द्यायला कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि फोनाचा तो पोळपाट उशाशी घेऊन आडवी झाली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिने तो फोन घरभर मिरवला. पाण्याला जाताना, देवाला फूल घालताना, भाजी निवडताना. सुनेशी ती बोलेना. समिधाने दोनदा सुचवून पाहिलं, "आई, माझ्याच फोनवरून करू ना. मी दाबते, तुम्ही सांगा." दोन्ही वेळा हौसाबाईने कमरेच्या चाव्या अशा खुळखुळवल्या की सून मुकाट कामाला लागली.

शनिवारी दुपारी मात्र तिने समिधाला समोर बसवलं आणि ही युक्ती आपल्यालाच आताच सुचली अशा थाटात बोलायला सुरुवात केली.

"उद्या तू वन्संच्या स्वयंपाकघरात बसायचा. त्यांच्या सुनेला, अंबिकेला मदत करते म्हणून. फोन पदराआड. मी बाहेर ओट्यावर. मी माझ्या फोनावर बोट टेकवनार आणि खोकनार. खोकला आला की तू हॉर्न वाजव."

"बरं."

"मी म्हणाले, 'सुनबाई, पाणी आण,' तर डिकी उघड. मानाची मासळी सगळ्यांना दिसली पाहिजे."

"आणि गाडी बंद करायला?"

हौसाबाईने विचार केला. "'आई माऊली' म्हणेन. उठताना मी तसाही म्हणतेच. कोणाला काही वाटनार न्हाय."

संध्याकाळपर्यंत तालीम चालली. हौसाबाई खिडकीत, समिधा आत, गाडी खाली. खोकला, हॉर्न. पाणी, डिकी. आई माऊली, कुलूप. एकदाही चूक झाली नाही. सोसायटीचा वॉचमन रामू मात्र दर हॉर्नला फाटक उघडून दमला आणि शेवटी फाटक उघडंच टाकून बसला.

रविवारी सकाळी हौसाबाई स्वतः बंदरावर गेली आणि बारा पापलेटं निवडून आणली. परडीत केळीचं पान, त्यावर पापलेटं, कडेने झेंडू. परडी डिकीत. जयकुमारने गाडी चौकला गोदूबाईच्या अंगणात तिच्या गाडीशेजारी नेऊन लावली, किल्ली खिशात घातली आणि ओळखीच्या बोटी बघायला धक्क्याकडे सटकला. समिधा ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. तिथे गोदूबाईची सून अंबिका एकटीच चुलीशी होती.

ओट्यावर मंडळी बसली होती. मुलीकडचे, मुलाकडचे, वाडीतल्या म्हाताऱ्या. गोदूबाई मधोमध. हौसाबाईला शेजारी जागा देऊन तिने लगेच विषयाला हात घातला.

"ये हौसे. गाडीतून आलीस म्हणे. बघ हा, माझी कशी बोलते ती." तिने फोनावर बोट टेकवलं, घसा खाकरला, आणि अंगणात तिची गाडी वाजली. मुलीकडच्या मंडळींनी माना डोलावल्या.

हौसाबाईने पिशवीतून पोळपाट काढला. काढतानाच ओट्यावर कुजबुज झाली, एवढा तो मोठा होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवला, बोट टेकवलं आणि खोकली.

तिची गाडी वाजली. गोदूबाईच्या गाडीपेक्षा जाड आवाजात.

"आवाज भरलेला हाय," एक म्हातारा म्हणाला.

"सुनबाई, पाणी आण गं," हौसाबाई आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली आणि बोट पुन्हा टेकवलं. डिकीचं झाकण हळूहळू वर गेलं. आत झेंडूच्या महिरपीत बारा पापलेटं ऊन खात चमकली. साऱ्या ओट्याने आ वासला. गोदूबाईचा चेहरा कालच्या कालवणासारखा झाला.

"बघू तरी," तिने पोळपाट आपल्या मांडीवर ओढला आणि वर बोट दाबलं. काही झालं नाही. हौसाबाईने घाईने खोकून घेतलं. गाडी वाजली.

"माझ्या हाताने पण वाजतो," गोदूबाई म्हणाली.

"पाहुण्यांचा मान ठेवतो तो," हौसाबाईने सांगितलं आणि फोन परत घेतला. चाळीस वर्षांत कुठलाही सौदा इतका सुखाचा झाला नव्हता. तिने पाय पसरले. आता "आई माऊली" म्हणून डिकी बंद करायची, की काम फत्ते.

तेवढ्यात आतून तो वास आला.

नंतर कळलं ते असं. अंबिकाने कढईत तेल तापत ठेवलं होतं आणि मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या. पण तिचं लक्ष कढईत नव्हतं. मिरच्या लाल झाल्या, मग काळ्या झाल्या, मग त्यांचा धूर झाला, आणि तो धूर स्वयंपाकघरातून ओट्यावर असा आला, जणू त्यालाही साखरपुड्याचं आमंत्रण होतं.

पहिली ठसकली हौसाबाई. हॉर्न वाजला. मग गोदूबाई ठसकली. तिचाही हॉर्न वाजला. मग मुलीची आई, मुलीची मावशी, मुलगा, मुलगी, साखरपुडा लावायला आलेले जोशीबुवा, वाडीतल्या म्हाताऱ्या, सगळेच एकदम. अंगणात दोन्ही गाड्या मिळून असा गलका करू लागल्या, की धक्क्यावरच्या माणसांना वाटलं, नवरीला पळवून नेतायत.

"पाणी," कोणीतरी ओरडलं. "पाणी आणा. अरे, पाणी कोणी देईल काय?"

हौसाबाईची डिकी उघडीच होती. आता गोदूबाईचीही उघडली.

चौकची मांजरं मासळीवर वाढलेली. त्यांना बोलवावं लागत नाही. एक पिवळा बोका कुंपणावरून उतरला, दुसरा होडीखालून निघाला, आणि बाकीच्या पाच-सहा जणी कुठून आल्या ते त्यांनाच माहीत. पिवळ्याने डिकीच्या काठावर पुढचे पाय ठेवले आणि पापलेटं हौसाबाईसारखीच नीट पारखून पाहिली.

"हड्," हौसाबाई ओरडली आणि गुडघे विसरून धावली. एका हातात पोळपाट, दुसऱ्या हातात निऱ्या. तिने पोळपाटाने बोक्याला बाजूला केलं. फोनाचा तेवढा उपयोग झाला. पण तोवर एका मांजरीने पापलेट पळवलं होतं, दुसरी तयारीत होती, आणि डिकीचं झाकण हाताने काही केल्या खाली येईना. मानाची मासळी. माहेरची मासळी. तिने परडी उचलली, मागचं दार उघडून आत शिरली, दार ओढून घेतलं आणि सीटवर टेकत सवयीने म्हणाली, "आई माऊली."

डिकीतून तिचा आवाज थेट स्वयंपाकघरात गेला. डिकी मिटली. दारांनी टक् केलं.

ओट्यावरच्या वीस बायका धुराने बेजार होऊन कपाळाला हात लावत म्हणत होत्या, "आई माऊली गं, आई माऊली." आत समिधाला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. ऐकू तेवढं येत होतं. आणि ती शब्दाची पक्की.

टक्. टक्. टक्.

हौसाबाई मांडीवर अकरा पापलेटं घेऊन बंद गाडीत बसली होती. काचेबाहेर मांजरं, मांजरांमागे पाहुणे, पाहुण्यांमागे धूर. सगळे काहीतरी ओरडत होते आणि हॉर्नपुढे कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं. तिने पोळपाटावर बोट दाबलं. पोळपाटाने दिवा लावला. तिने आणखी जोर केला. त्याने खचकन तिचाच फोटो काढला.

सासूची आठवण झाली तिला. जुडगा देऊन भिंतीला टेकून बसलेली सासू. कमरेला अकरा चाव्या होत्या आणि एकही लागत नव्हती.

जयकुमार धक्क्यावरून धावत आला. त्याने खिशातून किल्ली काढून दाबली. टिक्. दाराला हात घालेपर्यंत ओट्यावरून कोणीतरी माऊलीचं नाव घेतलं. टक्. त्याने पुन्हा दाबली. टिक्. टक्. चौथ्या खेपेला त्याने किल्ली खिशात टाकली, गुडघे टेकले आणि काचेला तोंड लावून काहीतरी सांगू लागला. हौसाबाईला वाटलं, मासळीची काळजी करतोय. तिने परडी उचलून दाखवली. अकराच आहेत, पण आहेत.

त्याने मान हलवली. मूठ वळली आणि आपल्याकडे ओढली. पुन्हा वळली, पुन्हा ओढली.

हौसाबाईने दाराकडे पाहिलं. तिथे एक छोटी कडी होती. तिने ती ओढली. दार उघडलं.

अंगणात एकदम शांतता झाली, कारण त्याच क्षणी धुरातून दोन सुना बाहेर येऊन ओट्यावर उभ्या राहिल्या होत्या. समिधा आणि अंबिका. डोळे टोमॅटोसारखे, पदर नाकाला. दोघींच्या हातांत एकेक फोन. दोघींचेही अंगठे फोनावर.

"आई," समिधाने धुरातच विचारलं, "आता काय दाबू?"

"आणि आत्याबाई, मी सगळा बरोबर दाबला ना?" अंबिका म्हणाली. "खोकला तुमचा कुठला आणि मामींचा कुठला, ते कळेना. म्हणून मी सगळ्यांवर दाबला."

पहिला हसला तो आवाज भरलेला आहे म्हणणारा म्हातारा. मग मुलीकडचे. मग जोशीबुवा, पुन्हा ठसका लागेपर्यंत. वर्षभर ज्या बोटावर सगळं होतं, त्या बोटाकडे गोदूबाई खाली मान घालून पाहत होती.

हौसाबाई परडी घेऊन ओट्यापर्यंत आली. परडी तिने नणंदेपुढे ठेवली आणि शेजारी बसली. आत सुना कढई घासत होत्या.

"तुझ्या फोनात गाडी न्हाय?" गोदूबाईने हळूच विचारलं.

"न्हाय."

"माझ्यात पन न्हाय. वर्ष झाला, कंपनीवाले लवकरच येतंय म्हणतात." तिने पोळपाटाकडे हनुवटी केली. "मग हा येवढा मोठा कशाला घेतलास?"

हौसाबाईने थोडा विचार केला. "फोटो चांगला येतो ह्याच्यात," ती म्हणाली, आणि उदाहरण म्हणून मघाचा फोटो उघडून दाखवला. बंद काचा, तोंड वासलेलं, कपाळावर झेंडूची पाकळी, मांडीवर अकरा पापलेटं.

गोदूबाईने तो डोळ्यांशी धरून पाहिला. तिचा खांदा हलायला लागला, मग दुसरा, मग ती हौसाबाईच्या अंगावरच कलंडली.

"मना पाठव हा," डोळे पुसत ती म्हणाली.

हौसाबाईने स्वतःच्या फोनाकडे पाहिलं, नणंदेच्या फोनाकडे पाहिलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"समिधाला सांगते," ती म्हणाली. "ती अंबिकेला पाठवेल. मग त्या दोघी आपल्याला दाखवतील."